उपासाचा दिवस आणि साखरेची गोळी

अंगारकीला आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गर्दी जाते, आणि घरोघरी चंद्रोदयापर्यंत उपास असतो. मधुमेह असलेल्या बाईला मग प्रश्न पडतो, सकाळची गोळी घ्यायची की नाही? याचं उत्तर गोळी कोणती आहे त्यावर ठरतं.

साखरेच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन ही गोळी यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. ती एकटीच चालू असेल तर साखर सहसा एकदम खाली जात नाही. ती जेवणासोबत घ्यावी, म्हणजे मळमळ आणि जुलाबाचा त्रास कमी होतो.

ग्लिमेपिराइडचं काम वेगळं. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ही गोळी घेतली आणि जेवण चुकलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. पुष्कळदा ही दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात. म्हणून पाकीट आशाताईंना किंवा औषधाच्या दुकानात दाखवून आपल्या गोळीत काय आहे ते विचारून घ्या.

साखर उतरली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि मग पेज किंवा भाकरी खा. त्या वेळी उपास मोडला म्हणून मनाला लावून घेऊ नका. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

आणखी एक. साबुदाण्याच्या खिचडीने साखर वाढते, तेव्हा उपासाचं खाणं म्हणून ती ताटभर घेऊ नये.

उपास धरायचा असेल तर चार दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. गोळी कमी करायची, वेळ बदलायची की उपासच टाळायचा, हे डॉक्टर सांगतील. मनाने गोळी बंद करू नका, आणि उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेऊ नका.