‘तुम्ही जा, माझा अभ्यास आहे’

फ्रान्समध्ये शिकायला गेलात की मार्च-एप्रिलमध्ये ग्रुपवर हमखास मेसेज येतो, ‘चला, कुठेतरी जाऊ या!’ आणि कुणीतरी लगेच लिहितं, ‘तुम्ही जा, माझा अभ्यास आहे.’ खरी अडचण बऱ्याचदा पैशांची असते. पश्चिम फ्रान्समधल्या रेन शहरात एका सेमिस्टरसाठी होते, तेव्हा तो मेसेज मीच टाकला होता.

मैत्रीण हुशार. काही न विचारता तिने प्लॅनच बदलला. पॅरिस रद्द, मों सँ मिशेल पक्कं! रेनहून थेट बस, साधारण सव्वा तास. सोबत बगेट, चीज आणि माझी घरची लसणाची चटणी. डब्याचा तळ सगळ्यात आधी फ्रेंच पोरांनीच गाठला.

खडकावरच्या जुन्या मठाला तिकीट आहे, पण फ्रान्समध्ये रीतसर राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. त्यामुळे वयाचा आणि व्हिसाचा पुरावा जवळ ठेवा. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो. वाळूत पाय रुततो, म्हणून गाईडशिवाय खाली उतरायचं नाही. आम्ही तटावर बसून पाणी चढताना पाहिलं. चक्क सगळ्यांचे मोबाइल खिशात!

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ‘अभ्यास आहे’ म्हणालं, तर नुसता आग्रह करू नका. बजेट पुन्हा मांडा.