वाऱ्याच्या देशात रोड बाइक निवडताना

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, हे आता पुण्या-नाशकातही सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातल्या बहुतेक सायकली ताठ बसून स्टेशन गाठायच्या, भाजी आणायच्या. रविवारी कालव्याकाठी वाकून सुसाट जाणारी रोड बाइक, इथल्या भाषेत ‘रेसफीट्स’, वेगळी. आपली चाळिशीतली मंडळीही आता तिच्या मोहात पडतात आणि दुकानात गेल्यावर प्रश्न पडतो: वेग घ्यायचा की पाठ सांभाळायची?

तिकडून नातेवाईक विचारतात, “तुमच्याकडे घाट नाही, मग एवढी महागडी सायकल कशाला?” अहो, इथला घाट म्हणजे वारा! झीलंडमधल्या समुद्री बांधावर तर वादळी दिवशी साध्या, बिनगिअरच्या सायकलींवर साडेआठ किलोमीटर उलट्या वाऱ्यात शर्यत होते.

सपाटीवर वेग वाढला की बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते आणि हवेला सर्वांत जास्त अडवतं ते आपलंच शरीर. म्हणून शर्यतीच्या सायकलीचं हँडल खाली आणि लांब असतं. पण दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याची मान तसं वाकून थोड्याच वेळात अवघडते, हात बधिर होतात. मग तो सरळ उठून बसतो आणि सगळा फायदा वाऱ्यावर जातो. ‘एन्ड्युरन्स’ प्रकारात हँडल थोडं उंच, जवळ असतं. माझ्या मते तीन तास टिकणारी बैठक हीच खरी वेगवान.

दुसरी गोष्ट टायरची. जुन्या गावांतले रस्ते विटांचे. तिथे २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ठासून हवा भरली तर हाडं खिळखिळी होतात. ३० ते ३२ मिलिमीटरचा टायर, हवा जरा कमी, म्हणजे धक्क्यांत वाया जाणारी ताकदही वाचते. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, हे आधी विचारा. दक्षिणेला लिम्बर्खमध्ये काउबर्खचा चढ मात्र १२ टक्क्यांपर्यंत जातो; तिकडे जाणार असाल तर मागचं मोठं चक्र ३४ दात्यांचं बरं.

खर्चाचं म्हणाल, तर काही कंपन्या कामावर जाण्यायेण्यासाठी सायकल देतात. २०२० पासून तिच्या किमतीच्या ७ टक्के रक्कम वर्षाच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. ऑफिसात चौकशी करा.

आणि पैसे मोजण्याआधी सायकल अर्धा तास तरी चालवून पाहा, शक्यतो वाऱ्याच्या दिवशी.