कुलूपबंद ग्रंथालयाचे आठ हजार फोन



दर अंकात लागणीच्या तारखा, खतांचे डोस आणि पाणीपाळ्या आपण वाचताच. आज विषय थोडा लांबचा घेतला आहे, थेट ऑस्ट्रेलियातला. कुणी म्हणेल, उसाचं सोडून हे काय काढलं? पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या बांधावरच येऊन थांबतो.

मार्च २०२० चे दिवस आठवा. हंगाम आटोपत आलेला, काही फडांत कोयते अजून चालू, आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. तोडणी मजुरांना गावाकडे जायची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली, तोवर ती माणसं कोपीतच अडकून पडली. त्या धांदलीत गावच्या वाचनालयाला कुलूप लागले, याची दखल कुणी घेतली? आम्हीही घेतली नाही. रोज सकाळी तिथे पेपर वाचायला बसणारी म्हातारी मंडळी आता दिवस कसा काढतात, हे विचारायचे भान कुणालाच नव्हते. राज्यातील ग्रंथालये उघडण्यास परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. म्हणजे जवळजवळ सात महिने कुलूप.

याच सुमारास मेलबर्न शहरातही ग्रंथालये बंद झाली. शहराच्या ईशान्य अंगाला यारा आणि प्लेंटी अशा दोन नद्या आहेत. आपल्याकडे कारखान्यांना कृष्णा, भीमा, पंचगंगा ही नावे पडली, तसेच तिथल्या ग्रंथालयाचे नाव या नद्यांवरून पडले आहे : यारा प्लेंटी रिजनल लायब्ररी. बॅन्यूल, निलंबिक आणि व्हिटलसी या तीन नगरपालिका मिळून ते चालवीत होत्या. एकट्याने जे परवडत नाही ते तिघांनी मिळून करायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

दारे बंद झाली. पुस्तके कपाटात आणि कर्मचारी घरी. मग द्यायला उरले काय? संगणकावरची पुस्तके होती, ती अनेक ग्रंथालयांनी दिली. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती उघडता आली पाहिजेत ना! यारा प्लेंटीच्या मंडळींनी वेगळाच विचार केला. आपल्याजवळ पुस्तकांखेरीज आणखी एक गोष्ट आहे, सभासदांची यादी. तीत नाव आहे, वय आहे, फोन नंबर आहे. त्यांनी सत्तर वर्षांपुढचे सगळे सभासद वेगळे काढले. आकडा निघाला सुमारे आठ हजार. आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

फोनवर विचारायचे काय? तर साधेच. बरे आहात ना? काही हवे-नको आहे का? कुणाला किराणा घरपोच कसा मिळवावा हे माहीत नसे, कुणाला संगणकावर पुस्तक कसे उघडावे ते शिकून घ्यायचे असे. जिथे ग्रंथालयाच्या हातात उपाय नव्हता, तिथे तो ज्याच्या हातात आहे त्याची वाट दाखवायची. काही फोन दोन मिनिटांत संपत, काही अर्धा-अर्धा तास चालत. एरवी ग्रंथालयाचा फोन आला म्हणजे पुस्तक थकले असेल, असेच माणसाला वाटते. पहिल्या क्षणी कितीतरी जण दचकले असतील, असा आमचा आपला अंदाज.

मेलबर्नची टाळेबंदी साधी नव्हती. २०२० सालची दुसरी फेरी ११२ दिवस चालली. ऑगस्टमध्ये रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचे नाही, व्यायामाला दिवसातून एक तास. ऑक्टोबर २०२१ पर्यंत सहा टाळेबंद्यांचे मिळून २६२ दिवस भरले. एकट्या राहणाऱ्या माणसाला असे दिवस किती लांब होत असतील!

त्यांच्याकडे मुलं वेगळी राहतात, आपल्याकडे तसं नाही, असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. मुलगा पुण्याला कंपनीत, सून-नातवंडं तिकडेच, आणि उसाच्या फडाकडेला वस्तीवर म्हातारा-म्हातारी. कुठे दोघांतले एकच. अशी घरे आपल्या प्रत्येक गटात आहेत.

पुस्तकांच्या भीतीबद्दलही थोडे सांगतो. अमेरिकेत २०२० मध्ये ग्रंथालयांसाठी मुद्दाम प्रयोग झाले. सुटे ठेवलेले पुस्तक तीन दिवसांनी तपासले तर विषाणू सापडला नाही. एकावर एक रचलेल्या पुस्तकांत मात्र तो सहा दिवसांनीही सापडला. त्यामुळे परत आलेली पुस्तके वेगळी ठेवून मगच देण्याची पद्धत पडली. पुढे २०२१ मध्ये, वस्तूंवरून लागण होण्याचा धोका अगदी थोडा, असे तिथल्या आरोग्य खात्यानेच सांगितले. खरा धोका होता माणसाजवळ माणूस येण्याचा. फोनला तो नव्हता.

आता आमच्याबद्दल. त्या काळात राज्यातील अनेक कारखान्यांनी आसवनीत सॅनिटायझर तयार केला, तेव्हा कारखानदारी हातावर हात धरून बसली होती असे नाही. पण यादी आमच्याकडेही होती. शेअर रजिस्टर आहे, ऊसनोंद आहे, नोंदीपुढे मोबाईल नंबर आहे. काट्यावर वजन झाले की मेसेज जातोच. मात्र नुसते 'कसे आहात' विचारायला आम्ही एकही फोन लावला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एक वयस्क सभासद गट कार्यालयात आले होते. वस्तीवर एकटेच असतात. बोलता बोलता म्हणाले, "सायेब, तुमचा शेवटचा मेसेज एप्रिलात आला, वजनाचा. तवापास्नं फोन वाजलाच न्हाई बघा." ते हसत होते. आम्हाला हसू आले नाही.

सत्तरीपुढच्या सभासदांच्या नावापुढे गटवार खुणा करण्याचे काम या महिन्यात हाती घेतले आहे. आमच्याकडील बरेच नंबर जुने आहेत, काही तर मुलांचे आहेत. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा स्वतःचा चालू नंबर आणि वय चिठ्ठीवर लिहून आपल्या चिटबॉयकडे द्यावे. ज्या गावांत वाचनालय आहे, तेथील कार्यवाहांनी आपल्या वर्गणीदारांची यादीही गट कार्यालयात आणावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील.