पावतीमागचा माल

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. ताळेबंद आणि माझा संबंध कधी आला नाही. तरीही आज आर्थिक घोटाळ्यांवर बोलायला बसलो आहे, याला कारण एक नारळ आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चऱ्होलीजवळ एका पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन होतं. नारळ फुटला, फीत कापली आणि संध्याकाळी कविसंमेलन झालं. मीही दोन कविता वाचल्या. शाल, श्रीफळ आणि पाकीट घेऊन घरी आलो. पुढे शाखेला कुलूप लागलं. संचालक भेटेनात, फोन लागेनात. आमच्या शेजारच्या आप्पांची रक्कम तिथे अडकली. भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभं राहून मिळालेले निवृत्तीचे पैसे होते ते. मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, तुम्ही होता ना स्टेजवर. म्हटलं, आपला माणूस आहे, मग काय बघायचं?"

मी कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. पण माझा शब्द मी त्या संस्थेला तारण दिला होता, आणि देताना आत काय आहे हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून घोटाळ्यांबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता कळलं की आमच्या गावात जे लहान प्रमाणात झालं तेच मुंबईत आणि हैदराबादेत हजारो कोटींत झालं आहे. आकडे बदलतात, घडण तीच राहते.

आमचं चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेताचे प्लॉट झाले, वावरांच्या जागी इमारती उठल्या. एका पिढीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसा आला. असा पैसा आला की त्याच्या वासावर माणसं येतातच. जास्त व्याजाचं छापील पत्रक आधी येतं, नारळ मागून येतो.

आता मोठ्या बाजाराकडे वळू. १९९२ चा रोखे घोटाळा आपण हर्षद मेहता या नावाने ओळखतो. पण तो नेमका काय होता, हे विचारलं तर बहुतेक जण 'शेअर्सचा काहीतरी' असं म्हणतात. खरं तर तो आधी बँकांचा होता, शेअर्सचा नंतर झाला. तो समजून घ्यायला आपण चाकणच्या कांदाबाजारात जाऊ.

समजा, एका व्यापाऱ्याच्या वखारीत शंभर पोती कांदा आहे. त्याला आज पैसे हवे आहेत. तो दुसऱ्या व्यापाऱ्याला म्हणतो, "ही शंभर पोती तुला विकली. पंधरा दिवसांनी थोडे जास्त पैसे देऊन मीच परत घेईन. पोती हलवण्याची कटकट नको, ही घे चिठ्ठी. तुझी शंभर पोती माझ्या वखारीत आहेत." दुसरा चिठ्ठी घेतो, पैसे देतो. मधे एक दलाल आहे. तोवर सगळं ठीक. पण उद्या एखाद्या वखारवाल्याने आत एकही पोतं नसताना चिठ्ठ्या फाडायला सुरुवात केली तर? दलाल त्या चिठ्ठ्या दाखवून बाजारातून पैसे उचलेल. चिठ्ठी घेणारा वखार उघडून बघणार नाही, कारण आजवर कुणी बघितलेली नाही.

कांद्याच्या जागी सरकारी रोखे ठेवा आणि चिठ्ठीच्या जागी 'बँक रिसीट', म्हणजे बँकेची पावती. झाला १९९२ चा घोटाळा. त्या काळी बँकांना ठेवींच्या ३८.५ टक्क्यांइतका पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागे. कुणाला रोखे कमी पडत, कुणाला रोकड. मग बँका थोड्या दिवसांसाठी आपसांत रोखे विकत आणि परत घेत. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत हातानं व्हायची आणि तिला वेळ लागायचा. म्हणून रोख्यांऐवजी पावती फिरू लागली. एका बँकेने दुसऱ्या बँकेसाठी काढलेला धनादेश दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला. नियमात हे बसत नव्हतं, पण 'सगळेच करतात' हा आपल्याकडचा सर्वांत जुना नियम आहे.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक नाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं होतं : बँक ऑफ कराड. दुसरं नाव मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेचं. कराडसारख्या गावाच्या नावाची लहानशी बँक, आणि तिच्या पावत्या तिच्या ऐपतीबाहेरच्या रकमांच्या. मुंबईतल्या मोठमोठ्या बँकांनी त्या घेतल्या. एवढ्या छोट्या बँकेकडे एवढे रोखे आले कुठून, हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला नाही. बँक ऑफ कराड १९९२ मध्येच दिवाळखोरीत गेली आणि पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली.

बँकांचा हा पैसा शेअर बाजारात ओतला गेला. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास पोचला. सिमेंट तेच होतं, भट्ट्या त्याच होत्या. एप्रिल १९९२ मध्ये मुंबईचा निर्देशांक ४,४६७ वर गेला. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली : स्टेट बँकेच्या हिशेबात सुमारे ५०० कोटींचे रोखे सापडत नाहीत. पुढे जानकीरामन समितीने एकूण घोळाचा आकडा ४,०२४ कोटी रुपये काढला. बाजार कोसळला तेव्हा दलाल आणि बँका यांच्याबरोबर गावोगावचे ते लोकही बुडाले, ज्यांनी शेजाऱ्याचं ऐकून आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतले होते.

'सेबी' ही शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था १९८८ मध्येच स्थापन झाली होती. पण तिला कायद्याचं बळ मिळालं ते १९९२ मध्ये, म्हणजे घर पेटलेलं असताना विहिरीला दोर बांधला गेला. १९९६ च्या कायद्याने शेअर्स कागदावरून संगणकातल्या डीमॅट खात्यात गेले आणि बनावट शेअर सर्टिफिकेटांचा धंदा आटला. सुधारणा खरी झाली. मात्र वखार उघडून बघण्याचा कंटाळा संगणकाने गेला नाही.

याचा पुरावा ७ जानेवारी २००९ ला मिळाला. हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की कंपनीच्या हिशेबात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. हिशेब तपासणारी संस्था जगात नावाजलेली होती. संचालक मंडळावर मोठमोठे विद्वान होते. ज्या बँकांत पैसे ठेवल्याचं कागद सांगत होते, त्या बँकांकडून थेट नीट खात्री करून घेतली असती तरी बिंग फुटलं असतं.

त्या पत्रात हाव कशी वाढते हेही दिसतं. सुरुवातीची तफावत लहान होती, ती वर्षागणिक वाढत गेली, असं राजूंनी लिहिलं. अमुक इतका नफा दाखवला की शेअर चढतो, आणि तो चढता ठेवायचा तर पुढच्या तिमाहीत आणखी दाखवावा लागतो. वरिष्ठांची श्रीमंती शेअरच्या भावावर टांगलेली असली की खरा आकडा सांगणं त्यांना परवडत नाही. चोरी तिजोरीतून सुरू होत नाही, ती पहिल्या झाकलेल्या आकड्यातून सुरू होते. २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने राजूंना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. नव्या कंपनी कायद्यात २०१३ मध्ये तपासनीसांवरची बंधनं कडक झाली. तीही घटनेनंतरच.

तिसरं उदाहरण ताजं आहे आणि सामान्य ठेवीदारांचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पी.एम.सी. बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. पोलिस तक्रारीतला आरोप असा, की एका बांधकाम कंपनीच्या समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली गेली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील. पण एवढी खाती कुणी चाळून पाहिली असती तर?

या धक्क्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेतल्या ठेवींचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख झालं. २०२१ च्या दुरुस्तीमुळे बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा आमच्या भागातल्या ठेवीदारांना हा विमा काय असतो ते समजलं. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. दोन्हीकडे काउंटर असतो, पासबुक असतं, व्याजाचा तक्ता असतो. म्हणून आपण फसतो. आप्पांनाही हा फरक कुणी सांगितला नव्हता. मलाही माहीत नव्हता.

माझ्या लहानपणी गल्लीतल्या बायका गावाला जाताना आमच्या आजीकडे दागिने ठेवत. ती त्याला 'अमानत' म्हणायची. पुरचुंडीची गाठ ज्याची त्याने बांधायची. परत नेताना तीच गाठ दिसली पाहिजे, हा तिचा कायदा. शिवाय घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ती पुरचुंडी दाखवून ठेवायची. "माझ्यावर विश्वास आहे ना?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "विश्वास आहे म्हणूनच दाखवते." मराठीत आपण त्याला 'ठेव' म्हणतो. ठेवलं तिथे परत सापडेल, ती ठेव.

बाजाराचं नियमन म्हणजे याहून वेगळं काही नाही. गाठ तीच आहे का, हे अधूनमधून येऊन पाहणारा दुसरा माणूस. त्याला आत जाण्याचा अधिकार हवा आणि बघण्याची तळमळ हवी. कायद्याने अधिकार मिळतो, तळमळ मिळत नाही. म्हणून थोडं बघणं आपल्यालाही करावं लागतं. ही बँक आहे की पतसंस्था? परवाना कुणाचा? ठेवीला विमा आहे का? इतरांपेक्षा व्याज जास्त का? सगळी पुंजी एकाच ठिकाणी का? हे प्रश्न विचारण्यात संशय नाही, शिष्टाचार आहे.

ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. फसवणूक करणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करून पैसे परत देण्याची सोय त्यात आहे. आप्पांनी अर्ज दिला आहे. तारखेला मी त्यांच्याबरोबर जातो. बसमध्ये आम्ही त्या विषयावर फार बोलत नाही. परवा मला पुन्हा एका उद्घाटनाचं आमंत्रण आलं. कविता कुठली वाचणार, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आधी तुमचा मागच्या वर्षीचा ताळेबंद पाठवा. अजून आलेला नाही.