ॲव्हरेज वाढवा, हप्ता वाचवा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांचे चित्र बदलले आहे. रात्री बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत पिकअप गाड्या रांगेने उभ्या दिसतात. कोणाच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेले असते, कोणाच्या गाडीच्या कपाळावर ‘रमाई’. ज्यांच्या वडिलांनी बाजार समितीत दुसऱ्याच्या ट्रकमध्ये पाठीवरून पोती भरली, त्यांची मुले आज स्वतःच्या गाडीची चावी खिशात घेऊन फिरतात. २००५ साली ‘टाटा एस’ म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’ बाजारात आला आणि थोड्या भांडवलावर मालवाहतुकीचा धंदा करण्याची वाट मोकळी झाली. पुढे बोलेरो पिकअपसारख्या दीड टनाच्या आसपास माल उचलणाऱ्या गाड्याही आपल्या तरुणांनी घेतल्या. ही निश्चितच अभिमानाची बाब आहे.

परंतु चावी आपल्या खिशात असली तरी आर.सी. बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो. तीन हप्ते थकले की वसुलीची माणसे दारात येतात आणि गाडी ओढून नेली जाते. गाडीबरोबर भरलेले डाऊन पेमेंट जाते, बायकोचे मोडलेले दागिने जातात आणि ‘यांना धंदा जमत नाही’ असे म्हणायला लोक मोकळे होतात. भाडे कमी मिळते, डिझेल महाग आहे, ही कारणे खरीच आहेत. भाड्याचा दर आपण ठरवत नाही, डिझेलचाही नाही. मात्र एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर पळवायची, हे बरेचसे चालवणाऱ्याच्या हातापायांत असते. या लेखात आम्ही त्याचाच हिशेब मांडणार आहोत.

आधी आकडे पाहू

समजा, एक पिकअप महिन्याला ३,००० किलोमीटर धावते. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरू. गाडी १० चे ॲव्हरेज देत असेल तर ३०० लिटर डिझेल लागेल, म्हणजे २७,००० रुपये. तीच गाडी १२ चे ॲव्हरेज देऊ लागली तर २५० लिटर लागेल, म्हणजे २२,५०० रुपये. महिन्याला ४,५०० आणि वर्षाला ५४,००० रुपये वाचले.

आता कर्जाकडे पाहू. आठ लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे, असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये येतो. म्हणजे ॲव्हरेज फक्त दोनने वाढले तर वर्षातले तीन हप्ते डिझेलच्या बचतीतून निघतात. गाडी ओढून नेण्याची वेळ तीन हप्त्यांनीच येते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन किलोमीटरची किंमत कळते.

येथे हिशेबातली एक गंमत सांगितली पाहिजे. ज्याची गाडी १४ चे ॲव्हरेज देते त्याने ते १६ केले तर ३,००० किलोमीटरमागे सुमारे २७ लिटर वाचतात. दहाचे बारा करणाऱ्याचे ५० लिटर वाचतात. वाढ दोघांचीही दोनचीच, पण लाभ जवळजवळ दुप्पट. म्हणून ‘माझी गाडी जुनी, ती काय ॲव्हरेज देणार’ असे म्हणून जो गप्प बसतो, खरा फायदा त्यालाच होणार असतो.

मोजल्याशिवाय कळत नाही

कोणत्याही चालकाला विचारा, तो ॲव्हरेज चटकन सांगतो. पण वहीत नोंद आहे का, असे विचारले की मान हलते. मोजण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. नंतर गाडी नेहमीसारखी चालवावी. पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरावी आणि किती लिटर बसले ते लिहावे. असे लागोपाठ तीन वेळा करावे. समजा, तिन्ही वेळचे मिळून १,६२० किलोमीटर झाले आणि १५० लिटर लागले, तर ॲव्हरेज १०.८ झाले. पाचशे रुपयांचे आज आणि सातशेचे उद्या असे डिझेल टाकून ॲव्हरेज कधीच कळत नाही.

नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जाताना गाडी भरलेली असते, पण एकूण रस्ता उताराचा. येताना गाडी रिकामी, पण चढ असतो. एका बाजूचे ॲव्हरेज सांगणारा स्वतःचीच फसवणूक करतो. जाऊन-येऊन मोजलेले तेच खरे.

पंपाच्या मापाबद्दल शंका वाटली तर भांडण करू नये. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि त्यात डिझेल मोजून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो हक्क शांतपणे बजावावा.

वेगाची किंमत

डिझेल सर्वांत जास्त कोण खात असेल, तर तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलो तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. पिकअपची चौकोनी केबिन आणि तिच्यामागे उंच रचलेला माल म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली फळीच. इंधन बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे.

चालक म्हणतील, ‘बाजार गाठायचा असतो साहेब.’ त्याचाही हिशेब करू. १७० किलोमीटरचे अंतर ताशी ६० ने तोडले तर २ तास ५० मिनिटे लागतात आणि ८० ने तोडले तर २ तास ८ मिनिटे. फरक ४२ मिनिटांचा. पाऊण तास आधी निघालो तर हा फरक भरून निघतो आणि त्यासाठी एक थेंबही डिझेल जास्त लागत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टाळून जाण्याची सोय झाली. पण मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप खाली जातो. त्या रस्त्याने जायचे की जुन्या, हे टोल, डिझेल आणि वेळ या तिन्हींची बेरीज दोन-दोन फेऱ्यांत करून प्रत्येकाने ठरवावे.

न्यूट्रलचा घातक गैरसमज

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे डिझेल वाचते, असा समज अनेक चालकांत आहे. उस्तादाकडून क्लीनरकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि आजच्या इंजिनांत त्या वेळी डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत तर नाहीच, उलट खर्च. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. दीड टन माल पाठीवर घेऊन कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारा आपला मुलगा थेंबभर डिझेलही वाचवत नाही, जीव मात्र पणाला लावतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम आजही खरा आहे.

हातापायाच्या सवयी

वारंवार ब्रेक लावणे म्हणजे जाळलेले डिझेल उष्णता करून हवेत सोडणे. पुढचा सिग्नल लाल दिसत असेल तर लांबूनच पाय काढावा. इंजिन ओरडेपर्यंत खालच्या गिअरमध्ये ताणू नये आणि धापा टाकेपर्यंत वरच्या गिअरमध्येही ओढू नये. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण त्यात डिझेल आणि क्लचप्लेट दोन्ही जळतात.

बाजारात नंबर लागेपर्यंत गाडी चालू ठेवून गप्पा मारणारे अनेक जण दिसतात. उभ्या गाडीत तासाला अर्धा लिटर डिझेल जाते असे धरले, तरी रोजचे दोन तास आणि महिन्याचे २५ दिवस मिळून २५ लिटर होतात. म्हणजे २,२५० रुपये एकही किलोमीटर न धावता गेले.

टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती हवा हवी हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, भरलेल्या गाडीसाठी वेगळे आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळे. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतो, डिझेल जास्त लागते आणि टायरही लवकर झिजतो. एअर फिल्टर धुळीने भरला तर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि काळा धूर निघतो. मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. सहज फिरले नाही तर ब्रेक चिकटतो आहे असे समजावे. ताडपत्री ताणून बांधावी, फडफडू देऊ नये.

पाइपला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, ‘ॲव्हरेज दुप्पट’ करणारी यंत्रे यांपासून दूर राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, त्यांतल्या फारच थोड्यांनी काही फरक पडला आणि तोही किरकोळ. समोर बांधलेल्या लिंबू-मिरचीने अपघात टळत नाहीत, तसे चुंबकाने डिझेल वाचत नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, हीच तर तथागतांची शिकवण आहे. आपली वही हीच आपली पारख.

रिकामी फेरी, जादा माल

सर्वांत महाग डिझेल कोणते? रिकाम्या गाडीने परत येताना जळणारे. कारण त्या किलोमीटरचे भाडेच मिळत नाही. एकेकट्या मालकाला परतीचा माल शोधणे जड जाते. पण एका वस्तीतल्या दहा गाड्यांनी फोनवरून एकमेकांना खबर दिली तर महिन्यातल्या निदान चार-सहा फेऱ्या भरून येऊ शकतात.

याउलट, डिझेलची कसर काढायची म्हणून मर्यादेपेक्षा जास्त माल भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये लागतात. वर स्प्रिंगचे पाटे, टायर आणि ब्रेक यांची झीज वेगळी. एकदा दंड बसला की एका हप्त्यापेक्षा जास्त रक्कम गेली.

वही कोणी ठेवावी?

आमचे म्हणणे असे की, ही वही घरातल्या बाईने किंवा शिकणाऱ्या मुलीने ठेवावी. रात्री थकून आलेला चालक चार आकडे तोंडी सांगेल, लिहिणारे हात घरात आहेत. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, भाडे आणि कुठे गेलो, एवढे सहा रकाने पुरेत. मुलीला शाळेतली सरासरी आणि टक्केवारी त्या वहीतच शिकता येईल आणि गाडी एका माणसाची न राहता साऱ्या घराची होईल.

बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रुपयाच्या प्रश्नाचा अभ्यास मांडला. देशाच्या चलनाचा हिशेब मांडणाऱ्या महापुरुषाचे आपण अनुयायी, आपल्या गाडीच्या डिझेलचा हिशेब तरी आपल्याला मांडता आला पाहिजे. भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. उद्योगीपणा, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे मिळकत आणि खर्च यांचा तोल ओळखून जगणे. अंगुत्तर निकायातला हा उपदेश पिकअपच्या मालकाला आजही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास गाडीवाल्या बांधवांनी आपापल्या वह्या घेऊन बसावे. कोणाचे ॲव्हरेज वाढले, कशाने वाढले, कोणाचे घटले, कोणाला परतीचे भाडे हवे आहे, हे मोकळेपणाने बोलावे. ज्याचे ॲव्हरेज चांगले त्याने दुसऱ्याच्या गाडीत एक फेरी बसून सवयी दाखवून द्याव्यात. याला वर्गणी लागत नाही, की मोठा कार्यक्रम लागत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटून आर.सी. बुकावरचा बोजा उतरेल, त्या दिवशी ती गाडी खऱ्या अर्थाने आपल्या मालकीची होईल. येत्या रविवारी टाकी पूर्ण भरा आणि वहीत पहिला आकडा लिहा.

जय भीम!