तेल दिसलं म्हणजे पॅकिंग गेलं का?

मंडळी, न्यायशास्त्रात अनुमान शिकवताना धूर आणि अग्नी यांचं उदाहरण ठरलेलं. आज आपण त्याऐवजी तेल आणि पॅकिंग घेऊ. गाडी जुनी अ‍ॅम्बॅसडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. त्याच्या डोक्यावर पत्र्याचं लांबट झाकण असतं, आत रॉकर आणि व्हॉल्व्ह. पुस्तकात हे रॉकर कव्हर, गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर. झाकण आणि हेड यांच्यामध्ये कॉर्कचं गॅस्केट, म्हणजे आपलं पॅकिंग.

इंजिनावर तेल उतरलं की आपण म्हणतो, पॅकिंग गेलं. इथे हेतू सव्यभिचारी आहे. म्हणजे तेल दिसतं, पण पॅकिंग शाबूत, असंही घडतं. झाकण वरून दोनच नटांनी धरलेलं असतं. त्यांच्याखालचे रबरी वॉशर कडक झाले तरी तेल येतं. ब्रीदर तुंबला तर आतला दाब वाढतो, मग नवं पॅकिंगही टिकत नाही. म्हणून आधी इंजिन पुसून कोरडं करा, गाडी थोडी चालवा आणि ओल सर्वांत वर कुठे आहे ते बघा. तेल खाली ओघळतं. उगम वर असतो.

दुर्लक्ष मात्र नको. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल पडलं तर धूर होतो, प्रसंगी आगही लागते.

पॅकिंगच गेलं असेल, तर इंजिन गार झाल्यावर झाकण काढा. चिकटलं असेल तर लाकडी हातोडीनं हलकेच ठोका. आत स्वच्छ फडकं पसरा, नाहीतर कॉर्कचे तुकडे पुशरॉडच्या भोकांतून तेलाच्या चेंबरमध्ये जातात. दोन्ही कडा खरवडून पुसा. झाकण सपाट काचेवर ठेवून कड वाकलेली नाही ना, हे तपासा. नवं पॅकिंग झाकणाला चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडं ठेवा. वॉशरही नवेच घाला. फडकं काढायला विसरू नका!

नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. जास्त आवळलं की पत्रा वाकतो, कॉर्क चिरडतो आणि गळती वाढते. पॅकिंग जोरावर चालत नाही, सगळीकडे सारखं टेकण्यावर चालतं. शेवटी इंजिन सुरू करून कडेनं बोट फिरवा, पण मॅनिफोल्डपासून हात दूर ठेवून. बोट कोरडं राहिलं, तर आपलं अनुमान प्रत्यक्षानं पक्कं झालं.