अंगावरची गाठ आणि सोनोग्राफी



बाजारात मडके घेताना आपण काय करतो? त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर मडके पक्के. बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. आतली गोष्ट आवाजावरून कळते. सोनोग्राफीचे यंत्रही आवाजानेच काम करते.

पुष्कळांना वाटते, सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी. पण तेवढेच नव्हे. मान, पाठ, दंड, मांडी येथे कातडीखाली गाठ आली तर तीही सोनोग्राफीत दिसते. 1958 साली ग्लासगो शहरातील डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी या तपासणीवर एक लेख लिहिला. तो गाजला. तो पोटातील गाठींवरच होता. त्याआधी कारखान्यात धातूतील चीर शोधायला असे यंत्र वापरीत.

यंत्र चालते कसे? सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज माणसाला ऐकू येतो. गाठ पाहताना यंत्र सेकंदाला सुमारे 1 कोटी कंपनांचा आवाज सोडते. तो आपल्याला ऐकू येत नाही. आधी गाठीवर जेली लावतात. कारण मध्ये हवा राहिली तर आवाज अंगात शिरत नाही. आवाज आत जातो, आपटतो, परत येतो. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. यात सुई नाही, एक्स-रेचे किरणही नाहीत.

गाठीत नुसते पाणी असेल तर ती काळी दिसते. चरबीची गाठ दाबली की चेपते. गाठीत रक्त वाहते का, गाठ केवढी, कातडीखाली आहे की स्नायूत खोल, हेही कळते. मात्र हाडापलीकडचे नीट दिसत नाही. गाठ कॅन्सरची आहे का, हे ठरवायला पुष्कळदा सुईने तुकडा काढून तपासावा लागतो.

बहुतेक गाठी साध्या असतात. पण गाठ वाढत असेल, खोल असेल, कडक असेल किंवा 5 सेंटीमीटरहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी असेल, तर थांबू नये. “दुखत नाही ना, मग राहू दे,” असे लोक म्हणतात. हे खरे नव्हे. कॅन्सरची गाठही पुष्कळदा दुखत नाही. गाठीला डाग देऊ नये. ती चोळू नये. तपासल्यावाचून घाईने कापूनही घेऊ नये. चुकीचा छेद गेला तर पुढचे ऑपरेशन अवघड होते.

मग जावे कुठे? आधी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात गाठ दाखवावी. कळव्यास छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आहे. गरज पडली तर तेथले डॉक्टर पुढे पाठवतील. परळचे टाटा रुग्णालय 1941 सालापासून कॅन्सरवर उपचार करीत आहे. एका दिवसाची मजुरी बुडेल खरी, पण उशीर झाला तर हात किंवा पाय जाऊ शकतो. जीवही जाऊ शकतो.

आता तुम्हांला लिहिता येते. गाठ हाताला लागली त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. जागा लिहा. हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी की लिंबाएवढी, तेही लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गाठ किती दिवसांत किती वाढली, हे यंत्र एकदा पाहून सांगू शकत नाही. ते तुमची वही सांगेल.